भित्रेकाकांची गाठ

सासऱ्यांचा हात गाठीवर गेला. ती लाल फडक्याची गाठ सुटली की खांबाचा लोखंडी दांडा वर जाणार, दांडा वर गेला की डोंगरावरची विजेची लायन चालू होणार, आणि डोंगरावर तारेला हात लावून भित्रेकाका. मी कडेवरचं पोर गवतात ठेवलं नि दांड्याला मिठी मारली. डोळे मिटून.

भित्रेकाका म्हंजे आमचे वायरमन. उमरठच्या बाजूपासून वरच्या वाडीपर्यंतची लायन त्यांची. खरं नाव दुसरंच, पण गाव तोंडावर भित्रेकाकाच म्हणायचं आणि ते ओ द्यायचे. "भितो म्हणून तर म्हातारा झालो," म्हणायचे. "माझ्याबरोबर नोकरीला लागलेले दोघं भीत नव्हते. कुठं हायत ते?"

खांबावर चढायच्या आधी ते रबराचे हातमोजे फुग्यासारखे फुगवायचे नि गालाशी धरून बघायचे, कुठून वारा येतो का. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसायचो. एकदा मोज्याला बारीकसं भोक निघालं, तर काम टाकून दुसरे आणायला पोलादपूरला गेले, गाव काळोखात. लोकांनी टोमणा मारला, काका, बायकोला घाबरता तेवढं तारेला घाबरता काय? काका म्हणाले, "बायको आधी ओरडते तरी. तार ओरडत नाय."

लायन बंद केली तरी ते तारेला तसा हात लावत नव्हते. आधी काठीनं साखळी तारांवर अडकवायची, तिचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. मी विचारलं, बंदच हाय तर साखळी कशाला? "तार मेली असं कधी धरू नको गो बाय. निजली हाय असं धर. आणि साखळी अर्धाच जीव राखते. अर्धा इथं दांड्यापाशी असतो."

दांड्याचं कुलूप गंजून गेलेलं, नवं येता येत नव्हतं. म्हणून ते फडकं. दांडा खाली ओढून काका गाठ मारायचे. जो बांधील तोच सोडील, हा त्यांचा कायदा. आणि खांब आमच्या घरामागंच, म्हणून राखायला मला बसवायचे. सासूबाई म्हणाल्या, ही पालीला ओरडते, हिला काय बसवता, गडीमाणूस बसवा. तर काका म्हणाले, "गडीमाणूस डोकं चालवतो. झालं असंल काम, म्हणतो नि सोडतो. ही घाबरते. घाबरणारं माणूस हात लावत नाय." नाते गावाहून लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या घाबरण्याला सगळी हसलेली. मी चौथी शिकलेली, मला कोण कसलं काम सांगतंय. पण काकांना ते उपयोगाचं वाटलं.

तर त्या दिवशी वरच्या वाडीत चुलतसासऱ्यांची भाताची गिरणी बंद, लोक पोती घेऊन सकाळपासून खोळंबलेले. वरून एक जण आला नि म्हणाला, वायरमन उतरला खांबावरून, तंबाखू मळतोय, झालं काम. सासरे तडक दांड्यापाशी. मी म्हटलं, बाबा, काका अजून आले नायत. ते म्हणाले, "आता सून मला शिकवणार?" मी काय शिकवणार. मी नुसती चिकटले.

आमच्यात सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाय. म्हणून ते उभेच राहिले. शिव्या दिल्या, उद्याच माहेरी पोचवतो म्हणाले. पोर रडून रडून लाल. पण माझे हात सुटेनात. शेवटी मला ओढून काढायला सासूबाईंना शेतावर बोलावणं धाडलं. त्या धापा टाकत आल्या, माझं मनगट धरलं, दांड्याकडं बघितलं, आणि हात सोडून दिला. सासऱ्यांना म्हणाल्या, "शेतातून डोंगर दिसतो. मी बघत आली. माणूस खांबावर हाय."

काका तंबाखू खाऊन पुढच्या खांबावर चढले होते.

दुपार कलल्यावर आले. गाठ चाचपली, सोडली. मग झालेलं कुणीतरी सांगितलं तसे खाली बसले नि पाणी मागितलं. दोन्ही हातांनी तांब्या धरून प्यायले, तरी पाणी सांडलं, सगळ्यांनी बघितलं. त्यांनी लपवलं नाय. मला एवढंच म्हणाले, "घाबरलीस ना? बरं केलंस."

सासरे त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नायत. काका होळीनंतर रिटायर होऊन त्यांच्या गावाला गेले, जाताना फडकं माझ्या हातात दिलं. नवा वायरमन तरणा हाय, शीळ घालत चढतो, मोजे खांद्यावर टाकतो नि गाठीला हसतो. मीच बांधते नि बसते. परवा चुलीपाशी होते, कळलंच नाय तो आलेला. सासरे पडवीत उभे राहिले, माझ्याकडं बघितलं नाय, खांबाला सांगावं तसं म्हणाले, "चढला तो." आणि माझ्या कडेवरचं पोर काढून घेतलं.

मी फडकं घेऊन धावले. पण बसल्या बसल्या अजून तेच मनात येतं. शेतातून डोंगर दिसत नसता तर? सासूबाईंनी मनगट ओढलंच असतं तर? गवतात पोर रडतंय, समोर सासरा, आणि वर खरंच कोण हाय की नाय ते तुम्हाला दिसत नाय. तुम्ही काय केलं असतंत?