साकू आणि माझा शेरा

श्रीमती सुमती मगदूम यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सांगण्यासारखी नव्हती. संपादकांनी ती गाळायला सुचवले. मी गाळणार नाही.

मी तेव्हा शिक्षण विस्तार अधिकारी होते. कुरुंदवाडच्या बाजूच्या एका लहान शाळेची तपासणी करायला गेले होते. मगदूमबाई तिथे पहिलीला शिकवत. त्यांच्या टेबलावर हाताने लिहिलेली कार्डे होती : टिमोळ, गझूप, लेबडा.

"ही कुठली भाषा?" मी विचारले.

"कुठलीच न्हाई, मॅडम. पोरं धडा पाठ करत्यात. पुस्तक उलटं धरलं तरी घडाघडा म्हणत्यात. ह्ये शब्द कुणाच्याच घरात न्हाईत. अक्षर वळखल्याबिगर सुटका न्हाई."

शिवाय, 'नाही' असे छापलेले असताना मूल 'न्हाय' म्हणाले, तर ते चुकले की घरचे बोलले, हा वाद बाईंच्या कार्डांवर उद्भवतच नव्हता. हे मला तेव्हाच पटायला हवे होते. कॉन्व्हेंटमध्ये पहिलीत मी इंग्रजी कविता म्हणून बक्षीस घेतले, तेव्हा मला त्यातले एकही अक्षर ओळखता येत नव्हते. पण अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर असल्या आठवणी सोयीने विसरता येतात.

मी एका मुलीला पुढे बोलावले. तिने दोन कार्डे स्वच्छ वाचली. तिसऱ्यावर 'साकू' होते. ते पाहून ती हसली आणि म्हणाली, "पुरं."

"काय पुरं? वाच म्हटलं ना मी!"

"पुरं," ती रडवेली होऊन म्हणाली.

बाई तिच्याजवळ वाकल्या. "घरात म्हणता व्हय गं, साकू?"

"व्हय, बाई. अव्वा भात वाढाय लागली की म्हणायचं."

बाईंना हसू आले. "मॅडम, चूक माझी हाय. हिच्या घरात कानडी बोलत्यात. पोरीनं वाचलं आणि वर मराठीत अर्थबी सांगितला! मीच कार्ड बदलते."

कोणत्याही शहाण्या माणसाने त्या मुलीची पाठ थोपटली असती. मला मात्र एवढ्याशा पोरीने सर्वांदेखत 'पुरे' म्हटले, एवढेच लागले. मी शेरेबुकात लिहिले : 'मुलांचा वेळ निरर्थक शब्दांत वाया जातो. कार्डे तत्काळ बंद करावीत.' बाईंनी मान खाली घालून सही केली. कार्डे बंद झाली. नंतरच्या तपासण्यांत त्या वर्गातली मुले धडे घडाघडा म्हणून दाखवत, आणि मी 'वाचन उत्तम' असा शेरा मारून निघत असे.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या नातीच्या शाळेतून 'वाचनात अव्वल' असे प्रशस्तिपत्र आले. तोवर बाईही कोल्हापुरात राहायला आल्या होत्या. एकदा सहज घरी आल्या असता त्यांनी कागदावर चार अर्थहीन शब्द लिहून नातीपुढे धरले. तिला एकही वाचता आला नाही.

"पोरगी हुशार हाय, मॅडम. पाठांतर लई हाय, वाचन न्हाय."

पुढे सबंध मे महिना बाई उन्हातून चालत आमच्याकडे येत होत्या. नात वाचायला लागली. त्या महिन्यात बाईंनी माझ्या शेऱ्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. केला असता तर मला सोपे गेले असते.

आता हीच पद्धत शिक्षकांच्या प्रशिक्षणांत पडद्यावर दाखवतात, जणू ती कालच विमानाने आली आहे. टाळ्या वाजतात. बाईंचे नाव कुणी घेत नाही. ते पुसण्याची सुरुवात मीच केली होती.

मी हे लिहिते आहे असे कळल्यावर बाई म्हणाल्या, "असू दे की, मॅडम. गौरवात असलं लिवत्यात व्हय?"

बाई, लिहितात. तो शेरा मी सर्वांसमक्ष मागे घेते. पण त्या वर्गातली किती मुले वाचायला न शिकताच पुढे गेली, हे मी अनेकदा विचारले, आणि दर वेळी तुम्ही चहाचे आधण ठेवायला उठलात. पंचाहत्तरीनंतरही तुमचे डोळे, गुडघे आणि आवाज असेच शाबूत राहोत, आयुष्य खूप मोठे लाभो. मी पुन्हा विचारायला येणार आहे.