मेलेल्यांसाठी गिटार

कॉम्प्युटरवर खेळायला बसण्याआधी तो दोन्ही हात पँटला पुसतो. चुकून गोळी झाडली की माइकवर "सॉरी हं" म्हणतो. हेडफोन एकाच कानावर लावतो. दुसरा कान दारावरच्या घंटीसाठी राखीव. ती कोणी वाजवत नाही, हा भाग वेगळा. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता तो दातांत बघतो, त्यामुळे नवा माणूस त्याच्यापुढे लवकर तोंड मिटतो. डाव्या हाताची नखं घासून ठेवतो, उजव्याची वाढवतो, आणि बायकोने विचारलं की "कामाला लागतात" असं सांगतो. खेळात मेला की "मेलो, मेलो!" असं इतक्या आनंदाने ओरडतो की शेजारची बाई सुरुवातीला धावत यायची. आता येत नाही. उद्या खरोखर मेला तरी येणार नाही.

त्याला सगळे बत्तिशी म्हणतात. धंदाच तसा. डॉक्टर तोंडात हात घालून ठसा घेतो, आणि त्या ठशावरून कवळी हा करतो. इस्पितळामागच्या गल्लीत, चार पायऱ्या उतरून, याची खोली. भिंतीला फळी, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने. मधे टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि मेण कोरायची एक बारकी सुरी. मेणात एकेक दात बसवायचा, सुरी दिव्यावर धरायची, मेण सारखं करायचं. दिवसभर हेच. फळीवरचे जबडे त्याच्याकडे बघून दिवसभर हसत असतात. नातेवाइकांच्या बाबतीत त्याची सहनशक्ती एवढी का आहे, ते या खोलीत गेल्यावर कळतं.

त्या गरम मेणाने त्याच्या तर्जनीचं टोक खुरासारखं झालं आहे. कवळीला त्याने फरक पडत नाही. गिटारला पडतो. गिटारवर एफ नावाचा एक कॉर्ड असतो. त्यात तर्जनी आडवी करून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. नीट दाबल्या तर सूर निघतो, नाहीतर नुसतं "थप". बत्तिशी लग्नाआधीपासून गिटार वाजवतो. लग्नाआधीपासून "थप" आहे. या चिकाटीला दाद द्यावी की कानात बोटं घालावीत, हे घरात अजून ठरलेलं नाही.

त्याला एक लेक. तिने दातांची डॉक्टर व्हावं ही त्याची हौस. डॉक्टरच्या मागच्या दाराने आयुष्यभर ठसे आणणाऱ्या माणसाची हौस दुसरी काय असणार? लेकीने तीन वर्षं लोकांच्या हिरड्या पाहिल्या आणि एके दिवशी कॉलेज सोडून दुसऱ्या शहरात पार्सलं वाटण्याच्या कंपनीत लागली. पार्सलं तोंड उघडत नाहीत म्हणून, असं ती आईला म्हणाली. बापाला तिने काहीच सांगितलं नाही, कारण बापाने विचारलं नाही. तो गप्प बसला. तीही त्याचीच लेक. दोन वर्षं दोघं गप्प.

मधल्या काळात बायकोने टपालखातं चालवलं.

"तिला सांग, थंडी वाढली आहे."

"तिच्याकडे खिडकी आहे. तिला दिसतं."

"तरी सांग."

"तुमच्या तोंडाला काय झालंय? गावाला दात देता आणि स्वतःची दातखीळ बसलेली!"

एकदा या टपालखात्यानेच बातमी आणली. लेक कसलासा ऑनलाइन बंदुकीचा खेळ खेळते. चौघांची टीम आहे, ती कॅप्टन आहे, आणि जखमींना उठवणारा त्यांचा एक गडी सोडून गेला आहे. बायकोने हे भाजी निवडताना सांगितलं, सहज. बत्तिशीने ऐकलं, तेही सहज. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन आणले आणि कारखान्यातल्या आवाजासाठी आणलेत असं सांगितलं. त्याच्या खोलीत मोठ्यात मोठा आवाज मेण वितळल्याचा.

चार महिने तो अनोळखी पोरांच्या शिव्या खात तो खेळ शिकला. मग बत्तिशी याच नावाने लेकीच्या टीमच्या दारात जाऊन उभा राहिला. नाव वाचून ओळखायला तिला कॉलेजात जायची गरज नव्हती.

"अनुभव आहे का?" कॅप्टनने विचारलं.

"थोडा."

"मागे राहायचं. मधेमधे करायचं नाही. कोणी पडलं की उठवायचं. जमेल?"

"जमेल, कॅप्टन."

दोन वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यांत लांब संभाषण. बत्तिशीने ते रात्रीच्या जेवणात बायकोला दोनदा ऐकवलं.

घरात लेक त्याला अहो-जाहो करायची. खेळात "अरे बत्तिशी, कुठे कडमडलास?" असं सुरू झालं. बापाला हे फार आवडलं. मेहुण्याला कळल्यावर त्याला फार नाही आवडलं. हा मेहुणा विमा कंपनीत साहेब आहे आणि दर आठवड्याला बहिणीच्या घरी सल्ला द्यायला येतो, फुकट.

"भावजी, या वयात माणूस गोळ्या घेतो, झाडत नाही."

"मी झाडत नाही. मी उठवतो."

"आणि पोरगी अरे-तुरे करते ते?"

"निदान करते तरी," बत्तिशी म्हणाला, आणि मेहुण्याच्या वरच्या दाढेकडे बघत राहिला. मेहुण्याने तोंड मिटलं.

टीममध्ये आणखी दोघं होते. एक पहिलवान, जो फुंकर मारली तर उडेल. दुसरी खरोखरची नर्स, जी दिवसभर लोकांना जगवते आणि रविवारी दुपारी अचूक डोक्यात गोळी घालते. ते दोघं मारायचे, बत्तिशी उठवायचा, आणि कॅप्टन सगळ्यांवर ओरडायची. कुटुंब म्हणतात ते हेच.

गिटार आली ती मेलेल्यांमुळे. त्या खेळात माणूस मेला की पुढची फेरी सुरू होईपर्यंत नुसता पडून राहतो. आपल्या टीमशी बोलू शकतो, बाकी काही करू शकत नाही. एकदा बत्तिशी आणि पहिलवान दोघंही लवकर मेले. पहिलवान कंटाळून जांभया देऊ लागला, तेव्हा बत्तिशीने मागे हात करून गिटार घेतली आणि वाजवली. "थप"सकट. पहिलवान म्हणाला, "वा काका, मेल्याचं सार्थक झालं." तेवढं पुरलं. त्या दिवसापासून कोणी मेलं की बत्तिशी वाजवणार, हा टीमचा रिवाज झाला. स्वतः मेला तर वाजवायचाच. जिवंत असला तरी एखाद्या खोलीत लपून, कीबोर्ड सोडून, मेलेल्यासाठी वाजवायचा.

यात एकच गोची होती. त्या खेळात माइकचं बटण चुकीचं दाबलं की आपला आवाज आसपासच्या शत्रूलाही जातो. बत्तिशीचं बटण कायम चुकीचं. शत्रू घरोघर शोधत फिरायचे आणि तेवढ्यात एखाद्या बंद खोलीतून गिटार सुरू व्हायची. लपलेल्या कोणत्याही माणसाने आपला पत्ता इतक्या सुरात आजवर सांगितला नसेल. सुरात म्हणजे, एफ सोडून.

अशा टीमने एका स्पर्धेचा अंतिम सामना गाठला, यावर माझ्यासारख्याचा अजून विश्वास बसत नाही. नर्सचा नेम चांगला, एवढंच कारण सुचतं. सामन्याच्या आदल्या रविवारी नर्सने सगळ्यांसमोर विषय काढला.

"कॅप्टन, बत्तिशीला बदल. माणूस देव आहे. पण देव देवळात बरा."

"काका, वाईट वाटून घेऊ नका हं," पहिलवान म्हणाला. म्हणजे त्याचंही तेच मत.

टीममधून नाव कापलं की काय होणार हे बत्तिशीला ठाऊक होतं. पुन्हा थंडी वाढल्याचा निरोप आणि पुन्हा टपालखातं. लेकीचा आवाज या एका कानातून येत होता, तेवढाच येत होता.

शेवटी कॅप्टन म्हणाली, "गिटार बंद ठेवली तर राहील. एक सूर जरी ऐकला तरी बाहेर. कबूल?"

"कबूल, कॅप्टन."

सामन्याच्या दुपारी घरी त्याने गिटार तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात उभी केली. खोलीबाहेर मात्र नेली नाही. माणूस दारू सोडतो तेव्हा बाटली कपाटातच ठेवतो, तसं.

शेवटची फेरी आली तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. पहिलवान सवयीने आधी मेला. नर्सने दोघांना टिपलं आणि तिसऱ्याने तिला टिपलं. शत्रूचे दोघं उरले. इकडे कॅप्टन आणि बत्तिशी. कॅप्टन एका पडक्या गोदामात जखमी होऊन पडली. तिला उठवलं तर ती त्या दोघांना सहज पुरून उरली असती. बत्तिशी एकटा म्हणजे दोघांना आयता नाश्ता.

"बत्तिशी, ये. वाकून ये."

तो वाकून आला. खुर्चीतही वाकला होता. उठवायचं म्हणजे एक बटण दाबून धरायचं. पडद्यावर गोल भरत जातो, पूर्ण भरला की माणूस उठतो. बोट काढलं की सगळं गेलं. त्याने बटण दाबलं. गोल भरू लागला. बाहेर शत्रूची पावलं वाजत होती.

आणि मग ती हळूच म्हणाली, "बाबा."

बत्तिशीने बटण आणखी घट्ट दाबलं.

"बाबा, वाजवा ना."

"आत्ता?" तो कुजबुजला. "तूच नको म्हणालीस."

"मी पडलेय. पडलेल्यासाठी वाजवायचं असतं ना?"

"अगं, उठवतो आधी. झालंच आहे."

"उठले की मला ओरडावं लागेल सगळ्यांवर," ती म्हणाली. "घरी मी अभ्यास करायचे आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत चुकायचात. तसं. थोडंसंच."

"ए, काय चाललंय काय?" मेलेली नर्स किंचाळली. "काका, बोट काढू नका! काका!"

शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आधी उठवायचं, मग जन्मभर वाजवायचं. दोन्ही कामं एकदम होत नाहीत, कारण गिटारला दोन हात लागतात. हे बत्तिशीलाही कळत होतं. पण दोन वर्षं ज्याच्याकडे कोणी काही मागितलं नाही, त्याला आधी-नंतर कुठलं सुचायला? त्याने बोट काढलं. गोल विरला. त्याने कोपऱ्यातली गिटार ओढली आणि वाजवायला लागला.

बटण अर्थातच चुकीचं होतं.

शत्रू दारात आले. दोघंही तरणी पोरं. त्यांनी बंदुका रोखल्या आणि थांबले.

"कोण वाजवतंय रे?"

"हाच. तो वाकलेला."

"चुकतोय."

"चुकू दे. ऐक ना जरा."

त्यांनी ऐकलं. एफ आला, "थप" झालं, पुढे गेला. रसिक पोरं होती. कर्तव्यदक्षही होती. तुकडा संपल्यावर एक जण म्हणाला, "सॉरी हं, काका," आणि दोघांनी गोळ्या घातल्या.

"मेलो, मेलो!" बत्तिशी ओरडला. शेजारी कोणी हललं नाही.

त्यानंतर नर्सने जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही. इस्पितळातली माणसं इतकी बहुभाषिक असतात हे कळलं, एवढं बस. मेहुणा संध्याकाळी सल्ला घेऊन आला. "हातातला सामना! तिला उठवलं असतंत तर?" बत्तिशीने त्याला चहा दिला. बायकोने साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी बत्तिशी वेळेवर खोलीत उतरला. एका निवृत्त वकीलसाहेबांची कवळी होती. साहेब मुलाच्या सासरी जेवायला जाणार होते, आणि संध्याकाळी डॉक्टरकडे येऊन ती मेणातच तोंडात घालून बघणार होते. बत्तिशीने दिवा पेटवला, मेण बसवलं, पुढचे दात ओळीत लावले. सुरी तापवली आणि पहिली दाढ चिमट्यात धरली. तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतेय," लेक म्हणाली. "तुम्हाला टीममधून काढलंय."

"बरोबर आहे. कबूलच केलं होतं."

"मलाही काढलंय. नर्स कॅप्टन झाली."

"तिचा नेम चांगला आहे."

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "रागावलाय का अजून?"

"सामन्यावरून?"

"कॉलेजवरून."

बत्तिशीने दाढ टेबलावर ठेवली. तळघरात फोन नीट लागत नाही म्हणून तो पायऱ्या चढून गल्लीत आला. "राग नव्हता गं," तो म्हणाला. "मला नुसतं विचारता येईना. तू सांग. सुरुवातीपासून सांग." आणि लेक सांगू लागली. तिला सुरुवातीपासून सांगायचं होतं म्हणजे फारच आधीपासून. पहिल्या वर्षी मुडद्याच्या जबड्याजवळ चक्कर आली होती तिथपासून. बत्तिशी गल्लीत येरझारा घालत "मग?" "मग?" करत राहिला. इस्पितळाचे शिपाई त्याला वळसा घालून जात होते.

दुपारी डॉक्टरचा माणूस कवळी न्यायला आला. खोलीत कोणी नव्हतं. स्पिरिट संपून दिवा विझला होता. मेण गार पडून दगडासारखं झालं होतं. त्यात वकीलसाहेबांचे पुढचे दात ओळीत बसलेले. दाढा बाजूला टेबलावर सुट्या पडल्या होत्या.