शांताक्काच्या मापाची सायकल

मी हैदराबादला निघालो त्या सकाळी बैलगाडीत माझ्या ट्रंकेपेक्षा अव्वाच्या, म्हणजे आईच्या, गाठोड्यांनीच जास्त जागा अडवली होती. कडक भाकरी, कारळाची चटणी, गुळाची ढेप. हैदराबादेत गूळ मिळत नाही अशी आमच्या अव्वाची खात्री होती. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं होतं. रस्ते पुन्हा चालू झाले होते आणि एका नातलगानं माझ्यासाठी सायकलीच्या कारखान्यात काम बघितलं होतं.

हुलसूरहून भालकी स्टेशनापर्यंत थोरली बहीण शांताक्का माझ्या शेजारी बसून आली. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय अधू झाला होता. चालताना ती हातानं गुडघा दाबून धरायची. कुणाला तरी पोचवायला जायचं, एवढ्याच निमित्तानं ती गावाबाहेर पडायची.

गाडीची वेळ झाली तसे माझे डोळे भरून आले. अक्का म्हणाली, "कामून रडायलास? मला जायला मिळालं असतं तर मी हसत गेले असते."

अप्पा आडतीवर बसणारे, कमी बोलणारे. त्यांनी एवढंच सांगितलं, "जायलायस तर जा. पर तिथं जाऊन नीट बोलायला इसरू नको." नीट म्हणजे आपल्यासारखं. गेल्या गेल्या मी ते विसरलो. कारखान्यात सगळे दखनी बोलायचे, आणि महिन्याभरात मीही 'हौ' आणि 'नक्को' करू लागलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. मालक खाजा उस्ताद सायकलींच्या फ्रेमी स्वतः बनवायचे. नळ्या कापायच्या, सांध्यात बसवायच्या आणि पितळेनं झाळायच्या. सीटखालची उभी नळी जितके इंच, तितक्या इंची फ्रेम म्हणायची, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो. बाजारात चालायची बावीस आणि चोवीस इंची. त्यात न बसणाऱ्यांनी पायी चालायचं, असाच तेव्हा हिशेब होता. उस्तादांच्या प्रत्येक फ्रेमीच्या कपाळावर चंडोल पक्ष्याचं पितळी पदक असायचं. तोच त्यांचा छाप. एक दुकानदार सारखा मागं लागायचा, "चंडोल काढा आणि विलायती नाव लावा, हातोहात विकतो." उस्ताद त्याला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. "बेटा मेरा, और नाम दूसरे का?" असं म्हणून मग दिवसभर हसायचे.

सर्कशीची माणसंही उस्तादांकडं यायची. त्यांना मागचं दातेरी चक्र चाकाला घट्ट बसवलेलं लागायचं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवता येणार नाहीत. आम्ही त्याला 'फिक्स' म्हणायचो. साध्या गिऱ्हाइकाला ते नको असायचं. उतारावर पाय सोडून बसायची मजा त्यात नव्हती.

तिसऱ्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तर अक्काचं जग बदललेलं. अप्पांनी घरीच शिकवलेल्या या पोरीला पलीकडच्या गावात नव्या मुलींच्या शाळेत बाईचं काम मिळालं होतं. पण रोज बैलगाडी कुठून आणायची? पेरणीच्या दिवसांत बैल रानात. तेवढ्या दिवसांत तिचे इतके खाडे झाले होते की तपासायला आलेल्या साहेबानं दुसरी बाई बघायचं बोलून दाखवलं होतं.

"आता सोडून दे," अप्पा म्हणाले. "घरात काय कमी हाय तुला?"

दुपारी मला पाणी देताना अक्कानं हळूच विचारलं, "मन्मथ, अधू पायाच्या माणसाला सायकल येतीय का रं?"

हैदराबादला परतल्यावर उस्तादांना विचारलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि सर्कशीचं एक चाक माझ्यापुढं ओढलं. साध्या सायकलीत चांगला पाय खाली गेला की पायडल तिथंच अडतं, दुसऱ्या पायानं जोर दिल्याशिवाय वर येत नाही. फिक्समध्ये चाकच ते वर घेऊन येतं. अधू पायानं नुसतं सोबत जायचं. "अच्छा पाँव चलाएगा, दूसरा सैर करेगा," उस्ताद म्हणाले. "माप मंगाव."

माप कसं मागवायचं? मी अव्वाला निरोप धाडला. आडतीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर सुतळी आली, पायाच्या लांबीला गाठ मारलेली. त्यावरून उस्तादांनी अठरा इंची फ्रेम बांधली, लुगडं सावरून बसता यावं म्हणून पुढची आडवी नळी खाली वाकवून. डाव्या पायडलाला मी चामड्याचा पट्टा लावला. शेवटी उस्तादांनी चंडोल काढला, बाहीनं पुसला आणि स्वतःच्या हातानं ठोकला.

सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून भालकीला उतरवली आणि बैलगाडीत घालून घरी आणली. खळ्यावर अर्धा गाव जमला. अक्का दगडावरून सीटवर बसली, मी मागून धरलं. दोन हात गेली असेल. डावं पायडल खाली गेलं, पाय तिथंवर पुरला नाही, पट्ट्यात ओढला गेला आणि ती कोसळली. कोपर सोलून निघालं. कुणीतरी हसलं. अप्पांनी येऊन तिला उचललं.

"पुरे झालं," ते म्हणाले.

घरी जखमेला हळद लावताना अव्वा एकदम रडायला लागली. "माझ्यामुळं पडली गं. चांगल्याच पायाचं माप धाडलं मी."

"असं कामून केलीस, अव्वा?" मी विचारलं.

"त्या पायाला सुतळी लावायला हात झाला न्हाई. केवढा आखूड राहिलाय ते गाठ मारून जगाला दाखवायचं का?"

अक्कानं पदरानं अव्वाचे डोळे पुसले, दोन्ही पाय पुढं पसरले आणि म्हणाली, "लाव आता. मी बघायलेय."

अव्वानं माझ्यादेखत दोन्ही पायांना सुतळी लावली. डाव्या पायाची सुतळी चार बोटं आखूड भरली. सुताराकडून तेवढ्याच जाडीचा बाभळीचा ठोकळा घेऊन मी डाव्या पायडलावर पक्का बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कुणी न सांगता सीट धरली. मला बाजूला व्हायला सांगितलं. सायकल हलली, चाकानं पायडल वर आणलं, त्याबरोबर अक्काचा डावा पायही वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. इतकी वर्षं ओढत नेलेला तो पाय उजव्याच्या बरोबरीनं फिरायलाय, हे बघत अप्पा पळत होते. पळता पळता त्यांनी हात सोडला. ते अक्काला कळलं नाही, आणि अप्पांनीही सांगितलं नाही.

पेरणीच्या दिवसांतही मग तिची शाळा बुडाली नाही. साहेबानं दुसऱ्या बाईचं नाव पुन्हा काढलं नाही. गावातल्यांनी थोडे दिवस नावं ठेवली. मग त्यांच्याच मुली सायकलीमागं पळत शाळेला जाऊ लागल्या.

पुढं जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. हुलसूर म्हैसूर राज्यात गेलं, माझं हैदराबाद शहर आंध्रात. मी होतो तिथंच होतो, पण मध्ये हद्द आली. अप्पा, अव्वा गेल्यावर मी अक्काला म्हणालो, "आता माझ्याकडं चल. एकटी काय करायलीस इथं?"

"एकटी कुठं?" ती म्हणाली. "पोरी हायत्या की. तू येत जा. शाळेच्या येळंला आलास तर कुलूप आसंल. किल्ली शेजारी आसतीय."

खरं सांगतो, तेव्हा मला लागलं. लांब राहणाऱ्याला वाटत असतं, घर आपल्यासाठी दार उघडं ठेवून बसलंय. माझ्यासारखं हुलसूर सोडून सोलापूर-पुण्याकडं पांगलेल्या आमच्या भावकीतल्या पोरांनो, तुम्हीही असंच धरून चालला असाल.

एकदा मी खरंच शाळेच्या वेळी पोचलो. शेजारून किल्ली घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराचं कुलूप मी माझ्या हातानं काढलं. आत गार होतं. चूल पेटवली, डाळ शिजत टाकली आणि उंबऱ्यात बसलो. या घरात आजवर मी कुणाची वाट बघितली नव्हती, माझीच बघितली गेली होती. ऊन कलल्यावर वळणावरून अक्का येताना दिसली, संथ, दोन्ही पाय फिरत होते. जवळ आल्यावर डाळीचा वास घेत तिनं सायकलीवरूनच ओरडून विचारलं, "डाळीत मीठ घातलास का?"

"घातलो," मी म्हणालो, आणि उठून तिचं जेवणाचं पान मांडलं.