टायमिंग बेल्ट ओरिजिनलच हवा, पण जरा स्वस्तातला!

स्पेअर पार्टच्या दुकानात दोन गोष्टी कधी खपत नाहीत. एक, बंद पडलेल्या मॉडेलचे आरसे. आणि दुसरे, किस्से. आरसे निदान धूळ खात गप्प पडून राहतात. किस्से राहत नाहीत. चहा आला की बाहेर पडतात!

आमचं दुकान बोईसरला, तारापूर एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः छोटे ट्रक आणि पिकअपवाले. कोणी मासळी नेतो, कोणी चिकू, कोणी केमिकलची रिकामी पिंपं. माझा नवरा प्रमोद गोडाऊन आणि डिलिव्हरी बघतो, काउंटर माझ्याकडे. शेजारच्या गाळ्यात गुड्डू मिस्त्रीचं गॅरेज. तो मूळचा यूपीचा. पण इथं इतकी वर्षं काढलीत की आता गाडीशी हिंदीत बोलतो आणि नट निसटला की शिवी मराठीत देतो.

सगळ्यात जास्त किस्से घडतात ते टायमिंग बेल्टवरून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची वेळ जुळवून ठेवतो. तो तुटला की दोन्हीकडचे पार्ट एकमेकांवर आदळतात आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. म्हणून बेल्ट चांगल्या प्रतीचा घ्यावा आणि त्याला ताण देणारा टेन्शनरही सोबत बदलावा, एवढं साधं शहाणपण. पण माणूस आणि साधं शहाणपण यांच्या मध्ये आमचं काउंटर येतं!

*

मी नुकती काउंटरवर बसायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ आले, माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाले, "कोणी आहे का?"

"मी आहे ना. बोला."

"नाही, शेठ नाहीत का? टायमिंग बेल्टबद्दल विचारायचंय. जरा टेक्निकल आहे."

मी प्रमोदला हाक मारली. तो मागून खोके बाजूला सारत, घाम पुसत आला. गृहस्थांनी त्याला गाडीचं मॉडेल सांगितलं, इंजिन सांगितलं, आधीचा बेल्ट लवकर का गेला असेल तेही विचारलं. प्रमोदने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला, "अगं, यांना कुठला द्यायचा?"

मी सांगितलं. सोबत टेन्शनर बदला म्हटलं, पाण्याचा पंप गळतोय का तेही बघून घ्या म्हटलं. प्रमोदने तेच शब्द जरा जाड आवाजात त्यांना परत सांगितले.

गृहस्थ खूश! पिशवी उचलताना मला म्हणाले, "बघितलंत वहिनी? माहितगार माणसाला विचारलं की असं पटकन कळतं!"

*

'ओरिजिनल' या शब्दाला आमच्या धंद्यात बऱ्याच पायऱ्या आहेत. ओरिजिनल, ओरिजिनलसारखा, ओरिजिनलच्याच कारखान्यातला, आणि 'घेऊन जा, मी बसलेय इथे'.

एकदा एक टेम्पोवाले चाचा आले. "ओरिजिनल दाखवा."

दाखवला.

"याच्यात जरा स्वस्त ओरिजिनल?"

दुसऱ्या कंपनीचा दाखवला. तोही चांगलाच होता.

"याच्याहून खाली ओरिजिनल नाही?"

गुड्डू मिस्त्री बाजूला उभा राहून चहा पीत होता. हात काळे, चेहरा एकदम गंभीर. तो म्हणाला, "चाचा, इससे सस्ता ओरिजिनल एक ही है. जो आपकी गाडी में लगा है. बिलकुल मुफ्त!"

चाचा विचारात पडले. मग मला म्हणाले, "मग तोच अजून थोडे दिवस चालवू का?"

*

चिंचणीकडचे राऊतकाका चिकूच्या वाडीचे मालक. माल न्यायला स्वतःचा छोटा ट्रक. माणूस लाखात एक, पण वस्तू पारखल्याशिवाय घ्यायची नाही हा बाणा!

मी बेल्टचं खोकं उघडून समोर ठेवलं. काकांनी बेल्ट नाकाला लावला. नखाने ओरखडून बघितला. आणि मी "काका, नको!" म्हणेपर्यंत त्याची चक्क घडी घालून दोन्ही हातांनी करकचून दाबली.

आता या बेल्टच्या आत बारीक दोरे असतात. घडी घातली की ते आतल्या आत मोडतात. वरून काही दिसत नाही, पण बेल्ट कामातून गेला.

काका मात्र प्रसन्न. "बग, मोडला नाय! एक नंबर माल हाय."

"मग देऊ बांधून?"

"हा नको. ह्याला घडी पडली. दुसरा दे!"

दुसरा काढला. काकांनी त्याचीही घडी घालायला घेतली. प्रमोदने धावत येऊन त्यांचा हात धरला. "काका, तुम्ही गिऱ्हाईकाला चिकू चावून बघू देता का?"

"देतो की!" काका ताठ होऊन म्हणाले. "पन मंग चावलेला चिकू त्यानंच घ्यायचा. असा आमचा कायदा हाय!"

बोलून गेले आणि थांबले. आमच्या तोंडाकडे बघितलं. हातातल्या बेल्टकडे बघितलं. आणि दोन्ही बेल्ट पिशवीत टाकले.

घडीवाला बेल्ट हल्ली त्यांच्या वाडीच्या फाटकाला बांधलेला असतो. फाटक अजून एकदाही उघडं राहिलेलं नाही. खरंच एक नंबर माल!

*

दिलीपशेठ आमचे जुने गिऱ्हाईक, पण एकदा कुठूनतरी परस्पर बेल्ट-टेन्शनरचं किट घेऊन आले. आमच्याकडून नुसतं कूलंट हवं होतं. किटचं खोकं काउंटरवर ठेवून म्हणाले, "बघा वहिनी! तुमच्यापेक्षा स्वस्त आणि वर चमकणारं स्टिकरपण!"

मी खोकं फिरवून बघितलं. 'जेन्युइन'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला आय गायब होता.

"शेठ, हे स्पेलिंग चुकलंय. असली वस्तू असती तर खोक्यावर अशी चूक नसती."

दिलीपशेठ हसले. "वहिनी, तुम्ही पण ना! बेल्ट काय इंग्रजीत चालतो काय?"

मी कूलंटचा डबा काढून दिला. गिऱ्हाईकाशी वाद घालू नये अशी प्रमोदची शिकवण आहे. ती तो स्वतः पाळत नाही, पण मला ऐकवतो.

काही दिवसांनी दिलीपशेठ दुकानात आले. चालत. ट्रक वाघोबा खिंडीत उभा होता आणि गुड्डूला तिकडे न्यायचं होतं.

शेठचं म्हणणं खरं होतं. बेल्ट इंग्रजीत चालत नव्हता. मराठीतही चालला नाही!

*

सातपाटीच्या जयवंतीमावशी मासळीच्या व्यापारात. स्वतःची पिकअप, त्यावर ड्रायव्हर. ड्रायव्हरने परस्पर हलका बेल्ट टाकला होता, आणि गाडी मालाने भरलेली असताना तो मनोरच्या पुढे तुटला.

मावशी हे सांगत होत्या तेव्हा मला वाटलं आता रडतील. सीझनचे दिवस, गाडीत सुरमई आणि पापलेट, बर्फ वितळायला लागलेला.

"मंग काय केलंत, मावशी?"

"काय करनार गो बाय? ड्रायवर डोक्याला हात लावून बसला. मी टोपल्या खाली घेतल्या, नि हायवेच्या कडंला बसले. गाडीवाले थांबले ना! सगळा माल तितंच खपला."

"अरे वा! म्हणजे नुकसान नाही झालं."

"मासळी वाचली, पन इंजिन मेला ना!" मावशी म्हणाल्या, आणि मग मात्र पदराने डोळे टिपले. ती पिकअप त्यांनी नवरा गेल्यावर एकटीच्या हिमतीवर घेतली होती. मी त्यांना पाणी दिलं.

पाणी पिऊन मावशी सरसावून बसल्या. "आता मी सोता बगून घेनार. मासा घेताना मी कल्ला उगडून बगते. तुज्या ह्या पट्ट्याचा कल्ला कुटं हाय?"

मी त्यांना बेल्टवरचा नंबर दाखवला, दात दाखवले, खोक्यावरची बनवल्याची तारीख दाखवली. तारीख दाखवली तिथेच फसले. खोकं रॅकच्या तळाशी बरंच राहिलेलं होतं.

"हा तर शिळा हाय!"

प्रमोद मध्ये पडला. "मावशी, रबर आहे ते. रबर कधी शिळं होत नाही."

मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याची दयाच आली.

"सुकट पन शिळी व्हते रे बाबा!"

प्रमोद गुपचूप आत गेला आणि ताजा बेल्ट घेऊन आला.

*

बेल्ट काढण्याआधी मिस्त्री लोक इंजिनातल्या दातेरी चाकांवर खुणा करतात, म्हणजे नवा बेल्ट बरोबर त्याच जागी बसतो. गुड्डू त्यासाठी व्हाइटनर वापरायचा. एकदा व्हाइटनर संपला. मला म्हणाला, "भाभी, कुछ भी दे दो, बस रंग टिकना चाहिए."

माझ्या पर्समध्ये भाचीच्या लग्नासाठी घेतलेली गडद गुलाबी नेलपॉलिश होती. दिली. गुड्डूला ती इतकी आवडली की मला परत मिळालीच नाही. तेलात टिकते, गरम झाली तरी जात नाही! तेव्हापासून आमच्याकडे काम झालेल्या प्रत्येक ट्रकच्या पोटात गुलाबी टिपके.

ते ट्रक पुढे पालघरला, डहाणूला, कुठल्या कुठल्या गॅरेजमध्ये उघडले जायला लागले. आमचे बेल्ट बरे निघायचे. त्यामुळे मिस्त्री लोकांत काय बोलणं झालं असेल ते असो, पण एक दिवस एक अनोळखी ड्रायव्हर आला. "वहिनी, ते गुलाबी निशाणीवालं किट द्या. ओरिजिनल."

ती नुसती नेलपॉलिश आहे, असं मी समजावून सांगितलं. त्याला ते पटलं नाही. शेवटी गुड्डूला बोलावून त्याच्यासमोर टिपका लावून दिला, तेव्हा तो निर्धास्त होऊन गेला.

कळस पुढेच आहे. एक नवीन सेल्समन बॅग घेऊन आला. टाय लावलेला. "मॅडम, मार्केटमध्ये डुप्लिकेट फार झालंय. आमचा असली माल ओळखायची खूण लक्षात ठेवा." आणि त्याने खोकं उघडलं. बेल्टवर गुलाबी टिपका!

मी बेल्ट हातात घेतला, उजेडात धरून बघितला. म्हटलं, "भाऊ, रंग जरा फिका आहे. डुप्लिकेट वाटतो."

तो एकदम दुखावला. "मॅडम, तुम्ही ओरिजिनल बघितलाय तरी का कधी?"

*

आणि आता वसंतदादांचा किस्सा.

वसंतदादा आणि हरीभाऊ, दोघे केळव्याच्या बाजूचे. एकाच शाळेतले, एकाच आळीतले. दोघांनी भागीत ट्रक घेतला होता, विड्याची पानं आणि भाजी घेऊन वाशीला जायचे. एक चालवायचा, दुसरा शेजारी बसून झोप येऊ नये म्हणून गप्पा मारायचा. मग कशावरून तरी बिनसलं. कशावरून ते आजवर कळलेलं नाही. दोघांना वेगवेगळं विचारलं तर दोन वेगळी कारणं सांगतात आणि दोन्ही ऐकून हसू येतं. ट्रक वसंतदादांकडे राहिला आणि बोलणं कुणाकडेच राहिलं नाही.

वय झालं तशी वसंतदादांनी ट्रक विकायला काढला. एजंट गिऱ्हाईक घेऊन आला, ते नेमके हरीभाऊ! सगळा व्यवहार एजंटमार्फत. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

ट्रक ताब्यात द्यायच्या आधी वसंतदादा तो घेऊन आमच्याकडे आले. "टायमिंगचा पूर्ण किट टाका. बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, सगळं कंपनीचं. सगळ्यात भारी असेल ते."

गुड्डूला काही कळेना. "दादा, बेचनेवाली गाडी में कोई इतना डालता है क्या? लोकल डाल दो, किसको पता चलेगा?"

"अजिबात नको!" वसंतदादा कडाडले. "उद्या गाडी बंद पडली तर तो माझ्या दारात बोलायला येईल. मला त्याचं तोंड बघायचं नाय!"

काम चाललं तोवर ते स्टूल टाकून ट्रकजवळच बसून होते. प्रत्येक पार्ट बसवण्याआधी हातात घेऊन बघत होते. दोनदा गुड्डूला बोल्ट परत खोलून घट्ट करायला लावला. मी जेवायला बोलावलं तर उठले नाहीत.

ट्रक हरीभाऊंकडे गेला. वर्ष होऊन गेलं असेल. एका दुपारी वसंतदादा दुकानात आले. आता गाडी नाही, म्हणजे काही घ्यायचंही नव्हतं. उगाच वायपर हाताळत उभे राहिले.

"हरीचा ट्रक येतो काय तुमच्याकडं?"

"येतो ना. परवाच ऑइल बदलून गेले."

"काय कुरकूर?"

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. म्हणून कौतुकाने सांगितलं, "काही म्हणजे काही नाही, दादा. किट इतकं सुरेख बसलंय! हरीभाऊ स्वतः म्हणाले, गाडीने एकदासुद्धा रस्त्यात उभं केलं नाही."

"अजून काय म्हणाला?"

"बाकी काही नाही."

वसंतदादांनी वायपर जागेवर ठेवला. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिले.

"चुकलंच माझं," म्हणाले. "लोकल टाकायला पायजे होता."