आकाशातली अडत

बायकोनं विमानाच्या काचेला तळहात लावला. खाली मस्कतचे तपकिरी डोंगर होते. तिथं सकाळीच आमच्या लेकीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं, आणि आम्ही तिच्या डोक्यावरून पुढच्या देशात चाललो होतो. तिथून दुसऱ्या विमानानं मागे यायचं.

"आमची सगळी विमानं आधी तिथंच उतरतात, काका," हवाई सुंदरी हसून म्हणाली.

मी भाजीच्या पाटीपासून वर आलो आहे; असलं हसू मला कळतं. समोरच्या खिशातल्या, विमान कंपनीच्या मासिकातल्या नकाशात जगभरच्या रेघा त्या एकाच ठिपक्यात शिरत होत्या. मला आमच्याकडचा अडत्या आठवला. शेजारच्या मळ्यातलं वांगंही त्याच्या गाळ्यावर उतरल्याशिवाय आमच्या गावात येत नसे. त्याच्याशी भांडून मी थेट मळा गाठला होता. इथं मळा डोळ्यांसमोर होता आणि भांडून उतरता येत नव्हतं. नकाशात तर आमची रेघ मस्कतपासून चांगली लांबून वळवलेली होती. चित्र काढणाऱ्यालाही सांगून ठेवलं असणार.

"बघ, बघ, कसे फसवतात!" मी मासिक बायकोपुढे आपटलं.

तिनं काचेवरचा हात काढला नाही.

"थोडी कळ काढ गं बाई," ती खाली बघत पुटपुटली, "यांना घेऊन वळून येतेच."