शंभर टक्के हजेरी

फाल्गुनातला सोमवार, सकाळचे सव्वादहा. पटावर बत्तीस, वर्गात एकतीस मुले, दारात मी, आणि खिडकीतून अर्धापूरच्या शिवारात शिजणाऱ्या हळदीचा उग्र, ओलसर वास. कमी असलेली एक म्हणजे माझी मुलगी मनीषा. सहा दिवसांचा ताप उतरला होता, अशक्तपणा होता, म्हणून रजेची चिठ्ठी द्यायला मी आलो होतो. सर नावे घेत होते, मुले 'हजर' म्हणत होती. मनीषाच्या आधीचे नाव झाले आणि सर थेट तिच्या नंतरच्या नावावर गेले.

मनीषाला बोलता येत नाही, मान सावरत नाही, हात तिच्या मनापर्यंत फार उशिरा पोहोचतो. गेल्या वर्षी विशेष शिक्षिका शबाना मॅडम आठवड्यातून तीन दिवस येत. त्यांनी अंगणातली गुलमोहराची वाळलेली शेंग सुती पट्टीने तिच्या मनगटाला बांधली आणि सगळ्या वर्गाला एकच नियम घातला: मनीषाचे नाव घेतले की शेंग वाजेपर्यंत पुढचे नाव घ्यायचे नाही. मला मोजायची खोड. तिला सोडायला आलो की मी दाराशी घड्याळ लावून बसे. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद लागले, दिवाळीपर्यंत अकरा. त्या अकरा सेकंदांत वर्गाचा गलका विरून जाई, फळ्यावरचा कवडसासुद्धा थबकल्यासारखा वाटे, आणि मग बियांचा तो कोरडा, खुळखुळता होकार येई. "हाव, आली!" मुले ओरडत.

पुढे मॅडमची नेमणूक हिमायतनगरकडे झाली. शेंग कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

"सर, मनीषाचं नाव राहिलं," मी म्हणालो.

"कशाला लेकराला तरास, भाऊ? पंधरवड्याची एकदमच लावून टाकतो मी. बघा की, शंभर टक्के हजेरी हाय तुमच्या लेकीची!" त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती, आणि तीच मला बोचली.

मी पट पाहिला. तापाचे सहाही दिवस ती हजर होती. उद्याचा रकानाही भरलेला होता.

"हे सहा दिवस गैरहजर करा."

"अहो, लोकं हजेरीसाठी पाया पडतात, तुमचं उलटंच! ने-आणीचा भत्ता कापला जाईल ना."

"जाऊ द्या. आणि नाव घेत जा."

"बघू की. पण पोर्शन कोण उरकणार?"

तेवढ्यात मनीषाशेजारी बसणारी वैष्णवी उभी राहिली. "सर, सहा न्हाई, आज धरून सात. मी मोजून राहिले."

वर्ग हसला. सरांनी नाराजीने लाल पेन काढले आणि सात खुणा केल्या.

परतताना केळीच्या बागांच्या गार सावलीतून मी हिशेब करत चाललो. कामाचे दिवस दोनशेवीस धरले, अकरा सेकंदांनी गुणले: वर्षाची चाळीस मिनिटे, वीस सेकंद. शाळेचा जेमतेम एक तास. तेवढा एक तास वाचवण्यासाठी माझ्या मुलीला वर्षभर न विचारता हजर ठेवले होते, आणि आज मी भांडून काय मिळवले, तर ती नव्हती एवढाच पुरावा.

घरी शिरताना ओसरीत टेकून बसवलेल्या मनीषाला हाक मारली. तिची मान आवाजाच्या दिशेने हळूहळू वळू लागली होती; ती माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मी हातपाय धुवायला मोरीकडे निघूनही गेलो होतो.