वसंतरावांच्या गाडीतला वास

"म्याडम, गाडीला काय झालेलं न्हाय. नुस्तं ऑईल बदला आणि धुऊन द्या. उद्या सकाळी मुहूर्त हाय," वसंतराव म्हणाले.

मी गाडीच्या पुढच्या चाकाशी पाटावर बसले होते. गुडघ्यांमुळे आता गाडीखाली आडवं होता येत नाही, म्हणून लांब दांड्याचा आरसा आणि टॉर्च घेऊन खालचं बघते. मान वर न करता मी म्हटलं, "टायर बदलायला लागतील. सगळे."

"का? नक्षी तर नव्यागत हाय."

ईशान आणि मृण्मयी, तुम्ही तिकडे जुनी मोटरहोम घेतलीत आणि तिचे फोटो पाठवलेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फोनवर मी रागावले की तुम्ही हसता. लिहिलेलं तरी नीट वाचाल अशी आशा आहे.

पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर मी सकाळी उद्यमनगरात संभाजीच्या गॅरेजमध्ये जाते, हे तुम्हाला माहीत आहे. संभाजी माझा ऑटोमोबाईलचा विद्यार्थी. जुनी गाडी घेतलेले लोक ती तिथे आणतात. मी तपासते आणि काय काम करायचं ते सांगते. वसंतराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली ही मोटरहोम त्यांनी पुण्याच्या एका माणसाकडून घेतली होती. आधी ती शूटिंगवाल्यांना भाड्याने जायची. आत झोपायचे बर्थ, सिंक, गॅसची शेगडी. बायको, लेक आणि दोन लहान नातींना घेऊन गगनबावड्याहून घाट उतरून कोकणात जायचा त्यांचा बेत होता. नाती गॅरेजमध्येही आल्या होत्या. वरच्या बर्थवर चढून बसल्या आणि खाली यायला तयार नव्हत्या.

टायरचं सांगते. मोटरहोम वर्षातले बरेच महिने नुसती उभी असते. त्यामुळे टायर झिजत नाही, म्हातारा होतो. टायरच्या बाजूला कडेशी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. या गाडीचे टायर वसंतरावांच्या थोरल्या नातीपेक्षा वयाने मोठे होते. रिमजवळ रबराला बारीक चिरा होत्या, आणि त्या दिसू नयेत म्हणून वरून काळं पॉलिश मारलेलं होतं. पॉलिश बघितलं आणि माझं डोकं तापायला सुरुवात झाली. चिरा पडलेला टायर अज्ञानाने राहू शकतो. पॉलिश अज्ञानाने मारलं जात नाही.

ब्रेक ऑईल कोऱ्या चहासारखं झालेलं होतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं. घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते आणि मग पेडल दाबलं तर ते नुसतं खाली जातं. गाडी थांबत नाही.

वसंतरावांना हे सांगितलं. ते हसले. "म्याडम, मी मोपेडपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं चालवलंय."

"मग घाटात काय नांगर टाकून थांबवणार?"

संभाजीने तोंड फिरवलं. मी आत चढले आणि स्वयंपाकाच्या जागेपाशी थांबले. तिथे ग्रॅनाइटचा ओटा होता. गाडीत. घरात असतो तसा, जाड.

"हे कुणी केलं?"

"आमच्या मंडळींनी. पयली पातळ फळी हुती, तिच्यावर भाकरी थापता येत न्हवती. घर बांधतानाचा तुकडा शिल्लक हुता की."

म्हणजे म्हाताऱ्या टायरांवर आणि निकामी झालेल्या ब्रेक ऑईलवर हे वजनही आलं. पण वजनाचं मी बोललेच नाही, कारण तोवर मला ओट्याखालचं कपाट दिसलं होतं.

गॅसचं सिलिंडर त्या कपाटात होतं. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, तळाशी साठतो. म्हणून अशा गाडीत सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोक ठेवतात. गळलेला गॅस त्यातून खाली रस्त्यावर निघून जातो. या गाडीचं भोक पत्रा ठोकून, वर सिलिकॉन भरून बंद केलेलं होतं.

"उंदीर येतात म्हणून त्या पुण्याच्या माणसानं बंद केलंय," वसंतरावांनी कौतुकाने सांगितलं.

आणि ओटा बसवणाऱ्याने शेगडीकडे जाणारा रबरी पाईप ग्रॅनाइट आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये चेपला होता. मी तिथे साबणाचं पाणी लावलं. फुगे आले. सिलिंडर बंद केलं, रेग्युलेटर काढला आणि संभाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मग वसंतरावांसमोर उभी राहून सांगितलं, "पाईप बदलून ते भोक उघडेपर्यंत ही शेगडी पेटवायची नाही. टायर आणि ब्रेकचं काम झाल्याशिवाय गाडी इथून हलवायची नाही. कळलं?"

"व्हय, कळलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर गाडी जागेवर नव्हती.

"म्याडम, आमचं पावणं हायत ते," संभाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "बायकोच्या माहेरकडचं. रात्री किल्ली मागायला आलं. न्हाय कसं म्हणायचं? घाटात जाणार न्हाईत म्हणाले. निस्ती दारात पूजा करायची हाय."

"पूजेत काय काय असतं?"

त्याने विचार केला आणि त्याचा चेहरा उतरला. नव्या घरात शिरताना आपण दूध उतू घालवतो. वसंतरावांच्या लेखी हे घरच होतं.

मी ड्रॉवर उघडला. रेग्युलेटर होता. जरा बरं वाटलं, पण रिक्षा केलीच. वसंतराव फोन उचलत नव्हते.

राजारामपुरीत त्यांच्या दारात गाडी उभी होती. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, शेजारपाजारची चार माणसं. गाडीच्या खिडक्या बंद, नवे पडदे ओढलेले. मी पायरीवर पाय ठेवला आणि वास आला. आत वसंतरावांच्या पत्नी सुशीलाताई, ओट्यावर हळदकुंकू लावलेलं दुधाचं पातेलं, वरच्या बर्थवर नवे फ्रॉक घातलेल्या दोघी नाती. सुशीलाताईंच्या एका हातात उदबत्त्या होत्या, दुसऱ्या हातात काड्यापेटी.

मी काही न विचारता काड्यापेटी काढून घेतली.

"अवो बाई, हे काय? वास येतोय म्हणून उदबत्ती लावतीय. बंद गाडीला वास येतोच, उदबत्ती लावली की जातोय, असं त्या पुण्याच्या गाडीवाल्यानंच सांगितलंय."

"पोरींना खाली घ्या. आधी त्यांना बाहेर काढा. मग तुम्ही."

"फॅन लावू का जरा?"

"कशाला हात लावू नका. स्विचची ठिणगीसुद्धा पुरते."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्या लगेच पोरींना उतरवून घेऊन गेल्या. मी सिलिंडर बंद केलं, दार आणि खिडक्या उघडल्या आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. भीतीही असेल, पण मला जाणवत होता तो फक्त राग.

वसंतरावही रागावलेले होते. "मुहूर्त घालवला की तुम्ही. चार माणसांत शोभा केली."

"रेग्युलेटर कुठून आणलात?"

"घरच्या शेगडीचा काढून लावला. तुम्ही काढून ठेवला म्हणजे काय दुसरा मिळत न्हाय?"

सुशीलाताई आमच्या दोघांमध्ये येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "ह्या बाईंनी काल तुम्हास्नी सांगितलं हुतं? शेगडी पेटवू नका म्हणून?"

"सांगितलं हुतं. पण…"

"आणि तुम्ही मला सांगितलं न्हाय. मी काडी वढणार हुते. पोरी वर बसल्या हुत्या."

वसंतरावांचा चेहरा पडला. ते नातींकडे बघत होते. धाकटी बुटाच्या टोकाने चाकाखालचं लिंबू ढकलत होती. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा असा चेहरा झाला असता तर मी थांबले असते. त्या दिवशी थांबले नाही. चार माणसांसमोर त्यांना सांगितलं की पुण्याच्या माणसाने फसवलं हे खरं, पण त्याला या पोरींची नावंही माहीत नव्हती. तुम्हाला माहीत होती.

मग आत जाऊन त्यांच्या घरचा रेग्युलेटर काढला आणि माझ्या पिशवीत टाकला.

"म्याडम, आता घरात चहा कसा करायचा?"

"गाडी ढकलत गॅरेजला आणा. मग देते."

सुशीलाताईंनी दुधाचं पातेलं उचललं आणि शेजारणीच्या घरात गेल्या. त्या दिवशी दूध तिथे उतू गेलं. गाडी दुपारी आली, टो करून.

टायर बदलले, ब्रेक ऑईल बदललं, पाईप नवा टाकला. तळाचं भोक उघडलं आणि उंदीर येऊ नयेत म्हणून त्याला जाळी लावली. जाळी लावायला चहा पिण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. त्या पुण्याच्या माणसाला मी स्वतः फोन केला. "आजवर कुणाला काय झालं नाही, मॅडम," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. ग्रॅनाइटचा ओटा काढला. तो आता गॅरेजच्या दारात दोन विटांच्या थरांवर आहे आणि मी पाटाऐवजी त्याच्यावर बसते. किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात. पावणे आले की संभाजी त्यांना माझ्याकडे पाठवतो.

वसंतराव नंतर कोकणात जाऊन आले. सुशीलाताईंनी घाटातल्या एका वळणावरचा नातींचा फोटो पाठवला. वसंतराव मात्र राजारामपुरीत अजून सांगत असतात की म्याडमनी मुहूर्त घालवला.

आता तुमच्या गाडीविषयी. टायरवरचे चार आकडे वाचून मला कळवा. ब्रेक ऑईल कधी बदललं ते विचारा, आणि उत्तर आलं नाही तर बदला. सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला हात लावून भोक आहे का, उघडं आहे का, ते बघा. आणि तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत शेगडीच्या वर झाडाच्या आकाराचा एक सुगंधी पुठ्ठा टांगलेला दिसतो आहे. तो विकणाऱ्याने टांगला असेल तर त्याला विचारा, कशासाठी टांगला. त्याचं उत्तर येईपर्यंत त्या गाडीत काडी ओढू नका.